चुन्याने गेलेला डोळा आणि 'स्लेट' नावाचं ऑपरेशन : पाचपैकी चार तारे

आधी निकाल सांगते, मग पुराण. ज्याचा एकच डोळा चुन्याने किंवा तसल्याच कुठल्या रसायनाने भाजून पांढरा पडलाय आणि दुसरा डोळा धडधाकट आहे, त्याने आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना 'स्लेट' या ऑपरेशनबद्दल जरूर विचारावं. पूर्ण नाव सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन. आमच्या धाकट्या भावजींचं हे ऑपरेशन मुंबईत झालं. पाचपैकी चार तारे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत आणि हे ऑपरेशन आता देशात बऱ्याच ठिकाणी होतं. तारे ऑपरेशनला आहेत, इमारतीला नाहीत.

आम्ही गुहागरचे. पोफळी-माडांची वाडी आणि घरगुती खानावळ. सोलकढी पातळ झाली म्हणून दोन तारे कापणारे पाहुणे आमच्याकडे येतच असतात, त्यामुळे परीक्षण कसं लिहू नये ते मला चांगलं ठाऊक आहे. त्याआधी मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ती सवय सुटत नाही, म्हणून हे जरा लांबेल. घाई असेल त्यांनी थेट ऑपरेशनच्या भागावर जावं, माझी हरकत नाही.

मे महिन्याचा शेवट होता. पावसाआधी पोफळीवर बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली नाही तर आषाढात कोळे रोग येतो आणि कोवळ्या सुपारीचा खाली सडा पडतो. माप सगळ्या बागायतदारांना पाठ असतं : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून आदल्या रात्री भिजत टाकायचं. चुना वेगळ्या भांड्यात विरवायचा. दोन्ही एकत्र केल्यावर लोखंडाचा खिळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी हवा. भावजी हे सगळं शाळकरी वयापासून करत आलेत.

चुना विरवताना कळीवर थोडं थोडं पाणी घालतात. आधी काही होत नाही. मग कळी तडकते, बुडबुडे येतात, वाफ निघते आणि बादलीला हात लावता येत नाही इतकी ती तापते. त्या दिवशी एका मोठ्या ढेकळाचा आतला भाग कोरडाच राहिला होता. पाणी त्याच्यापर्यंत उशिरा पोचलं आणि ते ढेकूळ फुटलं. भावजी ढवळायची काठी उचलायला वाकले होते. कढत चिखल थेट उजव्या डोळ्यात.

सासूबाई तूप आणायला आत धावल्या. मी शिंपण्याचा पाइप उचलला, धार बारीक केली, भावजींना कट्ट्यावर आडवं केलं आणि दोन बोटांनी पापण्या ताणून पाणी सोडत बसले. ते ओरडत होते, "वहिनी, पुरे, पुरे!" मी ऐकलं नाही. चुन्याच्या निवळीचा सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास असतो, म्हणजे ती तीव्र अल्कली. आम्ल डोळ्यात गेलं तर वरच्या प्रथिनांचा थर गोठतो आणि त्याला थोडीफार आडकाठी होते. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या चरबीचाच साबण करून टाकते आणि आत आत जात राहते. म्हणून अशा वेळी पाणी, पाणी आणि पाणीच. तूप नाही, दूध नाही, आधी डॉक्टरांना फोन लावणंसुद्धा नाही. अर्धा तास धुवायचं, मग गाडी काढायची.

पहिल्या दवाखान्यात त्यांनीही डोळा धुतला, थेंब घातले, पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. वरची पापणी उलटून कुणी बघितली नाही. पुढे चिपळूणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती उलटली, तेव्हा आतल्या घडीत चुन्याचे कण चिकटून बसलेले दिसले. तोवर ते तिथे बसून आपलं काम करतच होते. त्यांनी कापसाच्या काडीने एकेक कण काढला. हे परीक्षण वाचून कुणी एकच गोष्ट लक्षात ठेवणार असेल तर ही ठेवा : डोळ्यात चुना गेला असेल तर "पापणी उलटून बघितलीत का?" असं डॉक्टरांना तोंडावर विचारायचं. राग आला तर येऊ दे.

पुढचे महिने वाईट गेले. बुबुळावर लाल शिरा चढायला लागल्या. पारदर्शक भाग धुरकट झाला, मग पांढरट. उजेड सहन होईना. शेवटी उजव्या डोळ्याने तोंडासमोरची बोटं मोजण्यापुरतंच दिसायचं. एक डोळा आहे ना, मग काय बिघडलं, असं लोक म्हणतात. एका डोळ्याने अंतराचा अंदाज जातो. चहा कपाबाहेर ओतला जातो, पायरी चुकते. पोफळीवर सरसर चढणारा माणूस, त्याला बेडे, म्हणजे सुपारीची फळं, उतरवायला पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा गडी, सांगावा लागला. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

आता थोडं शास्त्र, कारण ते कळलं नाही तर ऑपरेशन कशाचं आहे तेच कळणार नाही. डोळ्याच्या काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर एक बारीक वलय असतं, त्याला लिंबस म्हणतात. बुबुळावरची पारदर्शक त्वचा सतत झिजते आणि तिची भरपाई या वलयातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, करत असतात. बुबुळाचं हे नूतनीकरण त्या कडेच्या वलयातून होत असावं, असं दाव्हांगर आणि इव्हेन्सन या नॉर्वेच्या दोघांनी १९७१ साली मांडलं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत तुंग-तिएन सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला भक्कम पुरावा दिला. वलय जळलं की भरपाई थांबते आणि शेजारची पांढऱ्या भागावरची त्वचा, शिरांसकट, बुबुळावर पसरते. अशा डोळ्यात नेत्रदानातून आलेलं बुबुळ नुसतं बसवलं तर तेही टिकत नाही, कारण त्याच्यावरची त्वचा राखणारं कुणी उरलेलं नसतं. गावात सगळे सांगत होते, "नेत्रदानाचा डोळा बसवा." आमच्या चिपळूणच्या डॉक्टरांनी तो नाद आधीच सोडायला लावला, याबद्दल त्यांचे उपकार.

पण "स्टेम सेल" हे शब्द घरात एकदा उच्चारले गेले आणि नातेवाइकांनी शोध सुरू केला. एका पुतण्याने एका शहरातल्या स्टेम सेल सेंटरची जाहिरात पाठवली. गेलो. थंडगार खोली, भिंतीवर निळ्या पेशींचं मोठं चित्र, गुडघा, मधुमेह, अर्धांगवायू, मुलांचा ऑटिझम आणि डोळे, सगळ्यावर एकच इलाज. पोटाची चरबी काढणार, त्यातून पेशी वेगळ्या करणार आणि डोळ्याच्या मागे इंजेक्शन देणार. मी विचारलं, "चरबीतल्या पेशीला बुबुळाची त्वचा व्हायचं आहे हे कोण सांगणार?" समोरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "मॅडम, पेशी हुशार असतात." माझ्या वर्गात असं उत्तर दिलं असतं तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्क बायकांच्या दोन्ही डोळ्यांत चरबीतून काढलेल्या पेशींची इंजेक्शनं दिली. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते सविस्तर छापून आलं. आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांवरचं मूळ पेशींचं रोपण सोडलं तर बाकीचे स्टेम सेल उपचार रीतसर चाचणीत करायचे, दुकान मांडून विकायचे नाहीत. त्या सेंटरला शून्य तारे. चहा मात्र चांगला होता.

मग ज्याला खरोखर स्टेम सेलचं काम म्हणावं ते काय? तर आमच्या मुंबईच्या सर्जनने एका माणसाचं नाव घेतलं, डॉ. वीरेंद्र संगवान. "मी जे करणार आहे ते त्यांनी बसवलेलं आहे," असं ते सरळ म्हणाले. घरी आल्यावर मी आणि माझी भाची, ती बायोटेकला आहे, रात्र रात्र त्यांच्याबद्दल वाचत बसलो. या माणसाची कारकीर्द वाचण्यासारखी आहे.

त्यांची गोष्ट सांगायची तर आधी अमेरिका आणि इटलीतून सुरुवात करावी लागते. त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायची रीत १९७५ साली हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी अमेरिकेत बसवली. भाजलेल्या माणसांना स्वतःचीच वाढवलेली त्वचा लावता येऊ लागली. तीच रीत डोळ्याला लावली ती इटलीच्या ग्राझिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी. तोवर चांगल्या डोळ्यातून वलयाचे मोठाले तुकडे काढून आजारी डोळ्याला लावत. त्यात धड डोळाही धोक्यात. पेल्लेग्रिनीबाईंनी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा तुकडा घेतला, प्रयोगशाळेत त्याचा अख्खा पापुद्रा वाढवला आणि तो बसवला. १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे दोन रुग्णांवरचं काम छापून आलं. पुढे २०१० पर्यंत त्यांच्या गटाने ११२ रुग्णांचा हिशेब दिला, त्यात ७६.६ टक्के डोळ्यांत पारदर्शक त्वचा कायमची परत आली. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. काही ऑपरेशन फसतात ती का फसतात, हे त्यांनी शोधलं. पापुद्र्यातल्या किती पेशी खऱ्या मूळ पेशी आहेत ते पी-६३ नावाच्या एका प्रथिनाच्या खुणेवरून मोजलं. अशा पेशी तीन टक्क्यांहून जास्त होत्या तिथे ७८ टक्के यश, कमी होत्या तिथे फक्त ११. "पेशी हुशार असतात" आणि हे, यातला फरक त्या सेंटरच्या मुलीला कुणीतरी समजावून सांगा. त्या पद्धतीचं उत्पादन होलोक्लार या नावाने २०१५ साली युरोपात मंजूर झालं. स्टेम सेलचं तिथलं ते पहिलं मंजूर औषध.

आता संगवान. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ साली उभी केली. तिथे संगवान बुबुळ आणि डोळ्याच्या आतल्या दाहाच्या आजारांचे डॉक्टर. त्यांच्या जोडीला डॉ. गीता वेमुगंटी आणि डी. बालसुब्रमणियन, जे आधी हैदराबादच्याच सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे संचालक होते. या मंडळींनी २००१ पासून आपल्याकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं रोपण सुरू केलं. प्राण्यांचे घटक टाळून रुग्णाच्याच रक्तातलं सीरम वापरलं आणि आधाराला गर्भावरणाचा पापुद्रा, म्हणजे प्रसूतीनंतर मिळणारी अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन. दहा-चौदा दिवसांत पेशींचा थर तयार. २००६ साली संगवान यांना वैद्यकशास्त्राचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०११ साली त्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला : २०० रुग्ण, ७१ टक्के यश.

इथे बहुतेक माणसं थांबली असती. पुरस्कार मिळालाय, प्रयोगशाळा उभी आहे, आकडे चांगले आहेत. पण प्रयोगशाळा म्हणजे निर्जंतुक खोल्या, शिकलेली माणसं, परवाने आणि खर्च. ज्या गावांत चुना डोळ्यात जातो त्या गावांजवळ असलं काही नसतं. मूळ तुकडा प्रयोगशाळेत वाढवण्यापेक्षा तो थेट डोळ्यावरच का वाढू नये, असा विचार करून संगवान, सायन बासू, बालसुब्रमणियन आणि इंग्लंडच्या शेफिल्डच्या शीला मॅकनील यांनी २०१२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत ही नवी रीत छापली. रुग्ण फक्त सहा. सहाही डोळ्यांवर नवी त्वचा आली, चौघांची नजर ६/१८ (निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून वाचता येणं) किंवा त्याहून बरी झाली. प्रयोगशाळेचा टप्पा, ज्याच्यावर स्वतःची दहा वर्षं घातली, तोच त्यांनी गाळून टाकला.

कोकणात राहणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल. भाताचा तरवा दुसरीकडे वाढवून आणण्याऐवजी रोपं थेट खाचरात लावली, आणि खाचरातच ती फुटून पसरली.

२०१६ साली १२५ रुग्णांचा हिशेब आला, त्यातली ६० मुलं. यश ७६ टक्के. इटलीच्या ७६.६ शेजारी हा आकडा ठेवायचा मोह होतो. पण रुग्ण वेगळे, जखमा वेगळ्या, यशाची व्याख्या वेगळी, त्यामुळे दोन आकडे सरळ एकमेकांवर ठेवू नयेत, हे मी मुलांना शिकवत आले आणि इथेही पाळते. एवढं मात्र म्हणता येतं की प्रयोगशाळा काढून टाकली म्हणून काम ढासळलं नाही. संगवान पुढे दिल्लीला डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये गेले. रीत मात्र छापून सगळ्यांना मोकळी झाली होती, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना ती मुंबईत मिळाली.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. डोळा शांत व्हायची वाट बघावी लागते. लाली आणि सूज असताना करत नाहीत, त्यामुळे मधे बरेच महिने नुसते थेंब घालण्यात गेले. या वाट बघण्याबद्दल तारे कापू नका, ती गरजेची आहे. आम्ही थंडीत गेलो. चिपळूणहून तुतारी एक्स्प्रेस रात्रीची पकडली, पहाटे दादर. सोबत भावजींच्या वाट्याचे नारळाचे लाडू, जे ऑपरेशनच्या आधी उपाशीपोटी राहायचं म्हणून मीच खाल्ले.

मोठ्या माणसाला सहसा पूर्ण भूल देत नाहीत, डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन तो बधिर करतात. सर्जनने आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं, आणि मला काचेच्या यंत्रातून भावजींचा डोळा बघू दिला. डाव्या, म्हणजे धड डोळ्याच्या वरच्या बाजूला वलयातून दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. तांदळाचा दाणासुद्धा याहून मोठा. उजव्या डोळ्यावर पसरलेला शिरांचा पडदा सोलून काढायचा. उघड्या पडलेल्या भागावर अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन पसरून फायब्रिन ग्लूने, म्हणजे रक्तातल्या प्रथिनापासून केलेल्या डिंकाने, चिकटवायची. मग त्या इवल्याशा तुकड्याचे आठ-दहा भाग करायचे, मधला नजरेचा भाग मोकळा सोडून ते गोलाकार मांडायचे, पुन्हा ग्लू. वरून पट्टीचं काम करणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. टाके नाहीत. एकाच बैठकीत सगळं. बिलातली सगळ्यात महाग ओळ ग्लूची होती, सर्जनची नाही. औषधं, तपासण्या, राहणं धरून एकूण खर्च लाखाच्या बराच आत बसला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी निळा प्रकाश टाकून पिवळा रंग घातला. जिथे त्वचा नाही तिथे तो रंग हिरवा चमकतो. जवळजवळ सगळा डोळा हिरवा होता, आणि त्यात ते कण वेगळे बसलेले दिसत होते. पुढच्या तपासणीला प्रत्येक कणाभोवती हिरवं नसलेलं एक वर्तुळ. त्यानंतर वर्तुळं एकमेकांना मिळाली. मी आयुष्यभर फळ्यावर पेशीविभाजन काढलं, पण ते होताना या एकाच वेळी पाहिलं. भाचीने फोटो काढायला विचारलं तर तंत्रज्ञ नाही म्हणाला. ठीक आहे, नियम असेल.

निकाल : उजवा डोळा आता चष्म्याने ६/१८ वाचतो. मधे अजून हलकं धुकं आहे. उजेडाचा त्रास गेला. शिरा परत आल्या नाहीत. भावजी अजून पोफळीवर चढत नाहीत, कारण त्यांच्या आईने शपथ घातली आहे. त्याचा दोष ऑपरेशनला देता येणार नाही. पुढे कधी धुकं अडचणीचं वाटलं तर बुबुळ बदलायचा विचार होईल. आता ते टिकायची शक्यता आहे, कारण कडेची राखण तयार झाली आहे. मात्र दोन्ही कामं एकाच वेळी करायची घाई करू नये, त्याने यश घटतं असं त्या १२५ रुग्णांच्या अभ्यासातही दिसलं होतं. आम्लाने भाजलेले आणि पापणी बुबुळाला जास्त चिकटलेले डोळेही तुलनेने अवघड. आणि हो, दोन्ही डोळे जळले असतील तर हा मार्ग या स्वरूपात नाही. मग बहुधा नात्यातल्या कुणाचं किंवा नेत्रदानातून आलेलं ऊतक घ्यावं लागतं आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ. तो वेगळा संसार आहे, त्याबद्दल मी बोलत नाही.

आता तक्रारी. रुग्णालयात गेल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत तासन्‌तास बसावं लागतं. वेळ दिलेली असते ती नावापुरती. पॅकेज समजावणाऱ्या समुपदेशक बाईंनी धड डोळ्यासाठीसुद्धा भिंगाची वेगळी योजना सुचवली, जिची काहीच गरज नव्हती. मी "नको" म्हटल्यावर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली, त्यातच सगळं आलं. डाव्या डोळ्यातून तुकडा घेणार याची भीती भावजींना सगळ्यात जास्त होती आणि त्याबद्दल सर्जन सोडून कुणीही दोन शब्द बोललं नाही. तो डोळा आठवड्याभरात पूर्ववत झाला, पण आधीची रात्र त्यांनी जागून काढली. कॅन्टीनच्या उसळीबद्दल लिहीत नाही. खानावळवाल्या बाईने दुसऱ्याच्या उसळीवर बोलू नये.

खरा तारा कापलाय तो कागदांसाठी. ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे थेंब दिवसातून आठ वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी करत जायचं. अँटिबायोटिकचे वेगळे, अश्रूंचे वेगळे. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं अंतर. एक बाटली हलवून घालायची, दुसरी नाही. स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तो अधूनमधून मोजून घ्यायचा. आम्ही तो चिपळूणला मोजतो, त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नाही, हेही कुणी आपणहून सांगत नाही. एवढी सगळी नाजूक लावलेली रोपं पुढे या थेंबांवर जगणार, आणि सूचनांचा कागद बारीक टायपात, संपूर्ण इंग्रजीत. सिस्टर तो एका दमात वाचून दाखवते आणि "समजलं ना?" म्हणते. माझ्या शेजारी रोह्याकडचे एक गवंडीकाका बसले होते, त्यांचाही डोळा चुन्यानेच गेलेला. त्यांनी मान हलवली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "बाई, यातली पांढऱ्या झाकणाची कधी?"

मी तिथल्या बाकावर बसून वहीच्या पानावर मराठीत तक्ता केला. उभे रकाने वेळांचे, आडवे बाटल्यांचे, झाकणांचे रंग लिहून. एक भावजींना, एक काकांना. सिस्टरने बघितलं, काही बोलली नाही, मोबाइलने फोटो काढला. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा औषधांच्या खिडकीत झेरॉक्सचा गठ्ठा ठेवलेला होता, अक्षर माझंच. वरचं भावजींचं नाव तेवढं पेनाने खोडलं होतं.